समोरच्याच्या डोळ्यांवरून पारखलेला सायकलचा दिवा: बुश अँड म्यूलर आयक्यू-एक्स

आयक्यू-एक्स हा बुश अँड म्यूलर या जर्मन कंपनीचा सायकलचा हेडलाइट आहे. तो पुढच्या चाकाच्या हबमधील (चाकाच्या मध्यभागातील) डायनॅमोवर, म्हणजे चाक फिरताना वीज तयार करणाऱ्या यंत्रावर चालतो, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या माथ्यावर बोल्टने पक्का बसवला जातो आणि कंपनी त्याची क्षमता १०० लक्स अशी सांगते. सायकलच्या दिव्यांची परीक्षणे सहसा सायकलस्वाराच्या जागेवरून लिहिली जातात: रस्ता किती लांबपर्यंत दिसला, खड्डा किती आधी कळला, बॅटरी किती तास टिकली. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे येतीलच. परंतु अंधाऱ्या रस्त्यावर दिव्याचा संबंध त्याच्या मालकाइतकाच समोरून येणाऱ्या माणसाशीही येतो आणि त्या माणसाला दिवा निवडण्याची मुभा नसते. म्हणून या दिव्याचे मूल्यमापन करताना त्याच्या मागे जितके बसलो, तितकेच त्याच्या समोर उभे राहून पाहिले आहे. तुलनेसाठी हँडलला अडकवायचा, बॅटरीवर चालणारा, गोल झोताचा आणि १२०० ल्युमेनचा एक दिवा घेतला होता. या प्रकारचे दिवे अनेक कंपन्या बनवतात व ते एकमेकांसारखेच वागतात, त्यामुळे त्याचे नाव सांगण्याची आवश्यकता वाटत नाही.

प्रथम आकड्यांविषयी थोडे सांगावे लागेल, कारण दिवा घेताना बहुतेकांची दिशाभूल तेथेच होते. ल्युमेन हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून किती प्रकाश बाहेर पडतो याचे माप आहे. तो प्रकाश कोठे पडतो, हे त्यातून मुळीच कळत नाही. लक्स म्हणजे एक चौरस मीटर पृष्ठभागावर पडणारे ल्युमेन आणि कॅन्डेला म्हणजे एका विशिष्ट दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता. समोरच्याच्या दृष्टीने कॅन्डेला हेच खरे माप ठरते, कारण त्याच्या डोळ्यांच्या दिशेने काय जाते, एवढ्याचाच त्याच्याशी संबंध असतो. १२०० ल्युमेनचा गोल झोत ३० अंशांच्या शंकूत सारखा पसरला आहे असे धरले, तर त्याची तीव्रता सुमारे ५६०० कॅन्डेला येते. असा दिवा समोर सरळ रोखलेला असेल तर दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ५६ लक्स प्रकाश पडतो. पौर्णिमेच्या चंद्राचा जमिनीवर पडणारा प्रकाश एक तृतीयांश लक्सहूनही कमी असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर हा केवढा मारा आहे, ते ध्यानात येईल. मोटारीच्या डिपर (खाली झुकवलेल्या) झोतातून समोरच्या चालकाच्या डोळ्यांकडे जाणाऱ्या प्रकाशावर आंतरराष्ट्रीय नियमांनी केवळ काही शे कॅन्डेलांची मर्यादा घातलेली आहे. सायकलच्या दिव्यांवर मात्र अनेक देशांत अशी कोणतीही वरची मर्यादा नाही. त्यामुळे हँडलवरचा मूठभर आकाराचा दिवा मोटारीच्या कायदेशीर डिपरपेक्षा समोरच्याला कितीतरी पटींनी अधिक त्रास देऊ शकतो आणि तरीही कोणताच नियम मोडत नाही.

आयक्यू-एक्स ज्या नियमांसाठी घडवला गेला, ते याबाबतीत वेगळे आहेत. जर्मनीच्या वाहन नियमावलीतील कलम ६७ सायकलच्या दिव्यांसाठी आहे आणि समोरचा दिवा इतरांचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने बसवला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मान्यता मिळण्यासाठी दिव्याने दहा मीटर अंतरावर झोताच्या मुख्य भागात किमान १० लक्स दिले पाहिजेत आणि त्याच अंतरावर झोताच्या वर, डोळ्यांच्या पट्ट्यात, २ लक्सांहून अधिक देता कामा नये. कमीत कमी किती उजेड हवा एवढेच सांगून हा नियम थांबत नाही, तर कोणत्या जागी उजेड नको, हेही तो सांगतो, आणि माझ्या मते त्याचे खरे शहाणपण या दुसऱ्या भागात आहे. आयक्यू-एक्सचे दहा मीटरवरचे १०० लक्स म्हणजे झोताच्या सर्वांत तेजस्वी भागात १०,००० कॅन्डेला. हा आकडा वरच्या गोल झोताच्या दिव्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. मात्र झोताच्या वरच्या पट्ट्यात त्याला २०० कॅन्डेलांच्या आत राहावे लागते. म्हणजे काही अंशांच्या अंतराने प्रकाश पन्नासपट कमी होतो.

हे साधण्यासाठी दिव्यातील एलईडी थेट पुढे रोखलेली नसते. तिचा प्रकाश आतल्या घडवलेल्या आरशावर पडतो आणि तेथून तो रस्त्यावर येतो. झोताचा वरचा काठ आडव्या रेघेसारखा स्पष्ट असतो, त्या रेघेच्या लगेच खाली सर्वाधिक तीव्रता असते आणि त्याखाली ती क्रमाने उतरत जाते. यामागचे कारण साधे आहे: काठालगतचा प्रकाश सर्वांत दूर जातो, खालचा प्रकाश सायकलच्या जवळ पडतो आणि अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. जवळच्या रस्त्यासाठी थोडा प्रकाश पुरतो, दूरच्या रस्त्यासाठी पुष्कळ लागतो. गोल झोतात ही विभागणी नसते. त्यामुळे चाकासमोर पांढऱ्याशुभ्र उजेडाचे थारोळे पडते, डोळे त्या थारोळ्याला सरावतात आणि त्यापलीकडचा रस्ता होता त्याहून काळा दिसू लागतो. शिवाय दिवा समोर सरळ धरला, तर गोल झोताचा अर्धा प्रकाश क्षितिजाच्या वर जातो. तो रस्ता दाखवण्याच्या कामी येतच नाही; झाडांची पाने आणि माणसांचे चेहरे मात्र तेवढे उजळतात.

समोरून पाहिल्यावर दोन्ही दिव्यांतील फरक इतका मोठा निघाला की तो सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. रस्त्यावरचे दिवे नसलेल्या अरुंद वाटेवर मी उभा राहिलो आणि माझा एक मित्र दोन्ही दिव्यांसह आळीपाळीने माझ्याकडे सायकल चालवत आला. गोल झोताच्या दिव्यामागे मला एक पांढरा गोळा दिसला आणि त्यापलीकडे काहीही दिसले नाही. सायकल दिसली नाही, स्वार दिसला नाही, वाटेचा काठ दिसला नाही आणि दिवा किती अंतरावर आहे याचा अंदाज तो अगदी जवळ येईपर्यंत बांधता आला नाही. दुसऱ्या एका मित्राला मुद्दाम सायकलच्या शेजारून चालत यायला सांगितले होते. तो तर त्या प्रकाशात पूर्ण नाहीसा झाला. आयक्यू-एक्सच्या वेळी प्रथम रस्त्यावर सरकत येणारा उजेडाचा पट्टा दिसला, मग दिव्याची उजळ पण पाहता येण्याजोगी काच, आणि सायकल जवळ आल्यावर तिच्या मागची माणसाची आकृतीही दिसली. सायकल माझ्या कोणत्या बाजूने जाणार हे मला ठरवता आले. बाजूने चालणारा मित्र शेवटपर्यंत दिसत राहिला.

याची कारणे डोळ्याच्या रचनेत आहेत. तीव्र प्रकाश डोळ्यात शिरला की त्याचा काही भाग नेत्रभिंगातून जाताना विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक धूसर पडदा पसरतो. त्या पडद्यामागे कमी उजेडाच्या वस्तू लपतात. होलाडे आणि स्टाइल्स या संशोधकांनी १९२०च्या दशकात या परिणामाचे गणित मांडले. हा पडदा डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो आणि दिवा व आपण पाहत असलेली वस्तू यांमधील कोन जसजसा लहान होतो, तसतसा त्या कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात तो दाट होत जातो. म्हणूनच रुंद रस्त्यावर पलीकडून जाणारा दिवा जितका त्रास देतो, त्याहून कितीतरी अधिक त्रास तोच दिवा अरुंद वाटेवर देतो. तेथे माणसाला ज्या दिशेने पाहून चालायचे असते, नेमका त्याच दिशेने दिवा येतो. वयानुसार हे विखुरणे वाढते आणि सत्तरीच्या आसपास ते तरुणपणीच्या साधारण दुप्पट होते; मोतीबिंदू असेल तर स्थिती आणखी बिकट होते. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो. क्षणभराच्या झोतानंतर काही सेकंदांत बरेचसे दिसू लागते हे खरे, पण ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. जो माणूस आंधळ्यासारखा पाऊल टाकत आहे, तो त्या वेळात बाजूला होईल की नेमका चाकासमोर येईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. समोरच्याला आपण दिसावे हाच दिव्याचा हेतू असेल, तर ज्याला काहीच दिसत नाही अशा माणसाला आपणही नीट दिसत नसतो, एवढे ओळखायला हवे.

स्वाराच्या जागेवरून आयक्यू-एक्स समाधानकारक आहे आणि माझ्या मते बहुतेक रस्त्यांना पुरून उरतो. सपाट रस्त्यावर खड्डे, वाळू आणि गतिरोधक थांबता येईल इतके आधी दिसतात व उजेड चाकापासून दूरवर जवळजवळ एकसारखा राहतो. वाहतूक दिव्यापाशी थांबल्यावर साठवलेल्या विजेवर तो काही वेळ मंद तेवत राहतो. चार्ज करण्याची काळजी नाही आणि रात्री निघताना दिवा घरी राहिला असे होत नाही. मर्यादाही सांगायला हव्यात. डायनॅमोवरचा दिवा असल्यामुळे चालण्याच्या वेगाने चढ चढताना उजेड कमी होतो व लुकलुकतो. सायकल कलंडून घेतलेल्या अवघड वळणावर वळणाची आतली बाजू अंधारात राहते, कारण झोत सायकलबरोबर सरळ पुढे रोखलेला असतो. वरचा काठ कापलेला असल्यामुळे डोक्याच्या उंचीवरची झुकलेली फांदी दिसत नाही. जंगलातल्या पायवाटेवर रात्री सायकल चालवणाऱ्यांना गोल झोत लागतो तो याचसाठी, आणि तेथे समोरून कोणी येण्याचा संभव कमी असल्याने त्यांच्या निवडीला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हाच दिवा त्याच कोनात ठेवून माणसांच्या रस्त्यावर येण्याला.

काठ कापलेला दिवा घेतला म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये, कारण चुकीच्या कोनात बसवलेला आयक्यू-एक्स गोल झोताच्या दिव्यापेक्षाही वाईट ठरतो. त्याचा सर्वांत तेजस्वी भाग काठालाच लागून आहे आणि कोन थोडा वर गेला की तोच भाग थेट चेहऱ्यावर येतो. जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंचीवर बसवलेल्या दिव्याचा काठ आडव्या पातळीपेक्षा दोन अंश वर गेला, तर वीस मीटरवर तो ७० सेंटिमीटर चढलेला असतो, म्हणजे बरोबर उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी. दोन अंशांचा हा फरक सायकलवर बसून सहज लक्षात येत नाही. उलट उजेड लांब गेल्यासारखा वाटून बरेच वाटते. म्हणून कोन डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता भिंतीवर ठरवावा. सपाट जागी दिवा भिंतीपासून पाच मीटरवर येईल अशी सायकल उभी करावी, स्वाराने तिच्यावर बसावे, पुढचे चाक फिरवून दिवा लावावा आणि भिंतीवर पडलेल्या झोताचा वरचा काठ दिव्याच्या उंचीपेक्षा पाच सेंटिमीटर खाली येईपर्यंत दिवा झुकवावा. या कोनात तो काठ सुमारे ८० मीटरवर जमिनीला टेकतो. सायकलच्या वेगाला एवढे अंतर पुष्कळ आहे आणि ज्यांच्या वाटेवर पायी चालणारे अधिक असतात त्यांनी काठ आणखी थोडा खाली घेतला तरी काही बिघडत नाही. शेवटी दिवा चालू असताना दहा-पंधरा मीटर पुढे जाऊन उभ्याने आणि मग वाकून त्याच्याकडे पाहावे. बोल्टने बसवलेल्या दिव्याचा मोठा लाभ येथे मिळतो: एकदा ठरवलेला कोन टिकतो. हँडलला पट्ट्याने अडकवायचा दिवा प्रत्येक वेळी काढून लावताना हलतो, खडबडीत रस्त्यावर सरकतो, आणि त्याचा कोन दर फेरीला नव्याने पाहावा लागतो. तेवढी दक्षता फार थोडे लोक घेतात.

एका बाबतीत हा दिवा कमी पडतो आणि ती बाब या परीक्षणाच्या विषयाशीच निगडित आहे. त्याचा उजेड स्वाराला टप्प्याटप्प्याने कमी करता येत नाही. नीट बसवलेल्या झोताचा काठ उभ्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांखाली राहतो, पण लहान मुलाचे आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीचे डोळे पुष्कळ खाली असतात, आणि चढाच्या माथ्यावर किंवा गतिरोधकावर पुढचे चाक उचलले गेले की काठ क्षणभर सर्वांच्याच चेहऱ्यावर जातो. मी समोर खाली बसून पाहिले तेव्हा दिव्याचा प्रकाश उभे असतानापेक्षा स्पष्टपणे अधिक टोचला. पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर अशा वेळी वेग कमी करणे आणि एक हात मोकळा असेल तर दिव्याच्या वरच्या भागापुढे तळवा धरणे, एवढेच हातात राहते. बॅटरीवरच्या दिव्यांना कमी उजेडाचा टप्पा असतो, आणि ही त्यांची खरोखर उपयोगी सोय आहे. खेद एवढाच की बटण सहसा एकाच दिशेने फिरते. पूर्ण उजेडावरून मंद उजेडावर येताना मध्ये लुकलुकणारा टप्पा ओलांडावा लागतो आणि समोरच्याला तोही सोसावा लागतो. हेल्मेटवर लावलेल्या दिव्याबद्दल वेगळे सांगायला हवे. तो नजरेबरोबर फिरतो, त्यामुळे वळणावर फार उपयोगी असतो, पण समोरच्याकडे पाहिले की झोत थेट त्याच्या डोळ्यांत जातो. इतर माणसे असलेल्या रस्त्यावर तो बंदच असावा, असे माझे ठाम मत आहे.

लुकलुकणाऱ्या दिव्यांविषयी देशोदेशी वेगवेगळे नियम आहेत. जर्मनीत सायकलच्या समोरच्या दिव्याने लुकलुकू नये असा नियम आहे, तर ब्रिटनमध्ये मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याला २००५ पासून परवानगी आहे. दिवसाउजेडी किंवा उजळलेल्या रस्त्यावर मंद लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो आणि त्यात कोणाची हानी नाही. अंधारात शेकडो ल्युमेनचा दिवा लुकलुकू लागला, तर प्रत्येक झगमगाटामागून काळोख येतो, डोळे कोणत्याच पातळीला सरावू शकत नाहीत, सायकलचे अंतर आणि वेग ओळखणे अवघड होते आणि प्रकाशाच्या झटक्यांनी अपस्मार उद्भवणाऱ्यांना त्यात धोकाही संभवतो. आयक्यू-एक्समध्ये हा प्रकारच नाही, याला मी त्याच्या गुणांत धरतो.

भडक दिव्याच्या समर्थनार्थ एक गोष्ट नेहमी सांगितली जाते आणि ती ऐकून घ्यायला हवी. मोटारी सायकलस्वारांकडे दुर्लक्ष करतात, समोरून प्रखर झोत टाकत येतात, आणि प्रखर दिवा लावल्यावर निदान त्या थोड्या सावध होतात, असा अनेकांचा अनुभव आहे. मोटारीच्या काचेमागे बसलेल्या चालकाबद्दल ही तक्रार खोटी नाही. तरीही तो झोत मोटारीला वेगळा आणि पायी चालणाऱ्याला वेगळा पडत नाही. चालकाकडे काच, स्वतःचे दिवे आणि लोखंडी पिंजरा असतो, पायी चालणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते, आणि त्या झोताचा सर्वाधिक भार त्यालाच उचलावा लागतो. शिवाय दिसण्यासाठी लागणारा उजेड फारच कमी असतो. आयक्यू-एक्सच्या काठावरून समोरच्याकडे जाणारा मर्यादित प्रकाशसुद्धा अंधारात दुरून सहज दिसतो आणि त्याच्या पुढे धावणारा रस्त्यावरचा उजळ पट्टा सायकल येत असल्याची वर्दी तिच्याही आधी देतो.

रोज अंधारात मोठे अंतर कापणाऱ्या आणि हब डायनॅमो असलेल्या सायकलसाठी आयक्यू-एक्स घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. केवळ दिव्यासाठी नवे चाक बांधून घेणे प्रत्येकाला जमणार नाही. त्यांनी बॅटरीवरचा, पण काठ कापलेल्या झोताचा दिवा शोधावा. असे दिवे हीच कंपनी बनवते आणि इतरही बनवतात. २०१३ सालापर्यंत जर्मनीत सायकलला डायनॅमोचा दिवा सक्तीचा होता. त्यानंतर बॅटरीच्या दिव्यांना वाट मोकळी झाली, त्यामुळे आता या प्रकारात निवडीला वाव आहे. घेताना ल्युमेनचा मोठा आकडा बाजूला ठेवून दिव्यावर लहरी रेघ, के हे रोमन अक्षर व त्यापुढे क्रमांक अशी जर्मन मान्यतेची खूण आहे का, हे पाहावे, आणि भिंतीवर झोत टाकून वरचा काठ सरळ उमटतो का, हे तपासावे. घरात गोल झोताचा दिवा असेल आणि तो लगेच बदलायचा नसेल, तर तो मधल्या किंवा मंद टप्प्यावर ठेवून इतका खाली झुकवावा की झोताचा मध्य सायकलपुढे सात-आठ मीटरवर रस्त्यावर पडेल. त्याने रस्ता आयक्यू-एक्सइतका लांब दिसणार नाही, वेग थोडा आवरावा लागेल, आणि झोताचा वरचा पसरट भाग तरीही काही प्रमाणात डोळ्यांपर्यंत जाईल. तेवढ्यासाठी दिव्याच्या वरच्या काठावर पुढे आलेली काळ्या पट्टीची छोटी छपरी चिकटवली तर उरलेल्या प्रकाशाचाही बराचसा भाग अडतो.